पाळण्यातलं नाव

माझ्या आत्याचं नाव सुलोचना. हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. तोवर ती बेबीआत्या. भावांची बेबी, वहिन्यांची बेबीवन्सं आणि आता सोसायटीतल्या पोरांची बेबीआजी. ‘बेबी’ आणि ‘आजी’ हे शब्द एकमेकांना खेटून उभे आहेत आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. एकदा बँकेत ‘सुलोचनाबाई’ असा पुकारा झाला, तर ही आपली शांत बसून. मीच म्हटलं, “अगं, तुला बोलावतायत.” त्यावर तिनं ‘हो का?’ असा चेहरा केला.

असली करामत मराठी घरांतच होते, अशी माझी समजूत होती. मग मी बादालोनाला गेलो.

बादालोना म्हणजे बार्सिलोनाला उत्तरेकडून लागून असलेलं, भूमध्य समुद्राच्या काठावरचं गाव. वस्ती दोन लाखांच्या वर, तरी पाहुणे त्याला बार्सिलोनाचं उपनगर म्हणून मोकळे होतात. गावकऱ्यांसमोर मात्र तसं म्हणू नये. भाचीकडे राहायला गेलो होतो आणि सगळे जण गौदीचं चर्च बघायला निघाले असताना मी मेट्रोची जांभळी लाइन धरली. कारण साधं होतं. कॉलेजच्या संघात मी बाकावर बसण्याइतपत बास्केटबॉल खेळलो आहे. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची ‘ड्रीम टीम’ ज्या मैदानावर खेळली, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मायकेल जॉर्डन आणि मॅजिक जॉन्सन बार्सिलोनात खेळले असं जग समजतं. प्रत्यक्षात बास्केटबॉलचे सामने झाले ते बादालोनात.

गोर्ग स्टेशनवर उतरलो आणि बाकावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, “जुवेंतूत?” तिथल्या बास्केटबॉल क्लबचं नाव ‘क्लब जुवेंतूत बादालोना’, एवढं पाठ करून गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आत्याच्या दारात उभा राहून सुलोचनाबाईंचा पत्ता विचारतोय. मग एकदम उजळले. “आ, ला पेन्या!” आणि काठीनं रस्ता दाखवला.

पेन्या या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधायची गरज नाही, तो आपल्याकडे आहेच: कट्टा. रोज संध्याकाळी जमणारं टोळकं. चार मित्र जमले, गप्पा झाल्या, कुणाला तरी काही तरी करायची हुक्की आली, अशी ती पेन्या. ३० मार्च १९३० रोजी बादालोनातल्या अशाच एका टोळक्यानं क्लब काढला आणि नाव ठेवलं ‘पेन्या स्पिरिट ऑफ बादालोना’. अर्धं कातालान, म्हणजे तिथल्या भाषेतलं, अर्धं इंग्रजी. १९३० साली कातालुन्यातल्या किनाऱ्यावरच्या गिरणगावात इंग्रजी आलं कुठून? विमानातून. तीनच वर्षांपूर्वी, मे १९२७ मध्ये, चार्ल्स लिंडबर्ग नावाचा पंचविशीतला पोरगा न्यूयॉर्कहून एकटा उडाला होता आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला होता. त्याच्या विमानाचं नाव ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’. तेव्हा जगभरातली पोरं त्या नावानं झपाटली होती. आपल्याकडे नाही का, एखादा सिनेमा चालला की त्या वर्षी जन्मलेल्या निम्म्या पोरांची नावं एकच असतात?

गंमत पुढे आहे. लिंडबर्गनं ते नाव काही काव्य सुचलं म्हणून ठेवलेलं नव्हतं. विमानाला पैसे दिले सेंट लुइसच्या व्यापारी मंडळींनी, म्हणून विमान सेंट लुइसचं. म्हणजे ज्या नावावरून या कट्ट्यानं आपलं बारसं केलं, ते मुळात देणगीदारांचं होतं. हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

इंग्रजी नाव फार टिकलं नाही. काही वर्षांतच ते ‘सेंत्रे एस्पोर्तिउ बादालोनी’ झालं. मग स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं, १९३९ मध्ये हुकूमशहा फ्रँको जिंकला आणि क्लबचं नाव पुन्हा बदललं. आता ‘जुवेंतूत’, म्हणजे तारुण्य. पण फ्रँकोच्या राज्यात कातालान भाषेला सार्वजनिक जागी मज्जाव, म्हणून कागदोपत्री ‘हुवेंतुद’. तोच अर्थ, स्पॅनिश उच्चार. हुकूमशहा गेल्यावर ते पुन्हा जुवेंतूत झालं. सरकारदरबारी एवढे फेरफार झाले, पण गावाच्या जिभेवर मूळ नावातला पहिला शब्द तेवढा राहिला. पेन्या.

त्यानंतर आले प्रायोजक. युरोपातल्या बास्केटबॉलमध्ये प्रायोजकाचं नाव नुसतं बनियनवर छापून भागत नाही, ते थेट संघाच्या नावात जाऊन बसतं. त्यामुळे ही पेन्या कधी मोंतिगाला जुवेंतूत होती, कधी मार्बेया जुवेंतूत, कधी घड्याळाच्या कंपनीची फेस्तिना जुवेंतूत, तर कधी आरोग्य विमावाल्यांची. दर काही वर्षांनी नवा नवरा, नवं आडनाव. याच गावात सिर्कोल कातोलिक नावाचा आणखी एक संघ होता. त्याला पाठिंबा कोतोनिफिसियो या कापड गिरणीचा. तिथे उलटं झालं. लोकांनी गिरणीचंच नाव उचललं आणि लाडानं ‘कोतो’ केलं. म्हणजे हाक मारायचं नाव कुठून येईल, याला काही नियम नाही.

पण सगळ्यात बहारदार किस्सा १९९४ चा. तो सांगायचा तर आधी १९९२ सांगायला हवं.

१९९२ च्या एप्रिलमध्ये इस्तंबूलला युरोपियन अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला आमची पेन्या (एका दुपारीत ‘आमची’ झाली, काय करणार), दुसऱ्या बाजूला बेलग्रेडचा पार्तिझान. युगोस्लाव्हिया तेव्हा युद्धात फुटत होता. पार्तिझानला स्वतःच्या गावात खेळायची परवानगी नव्हती, म्हणून माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा गावाला घर मानून त्या पोरांनी मोसम काढला होता. संघ तरुण, प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच बत्तीस वर्षांचा, आणि प्रशिक्षक म्हणून त्याचा तो पहिलाच हंगाम. शेवटचे काही सेकंद उरले असताना तोमास जोफ्रेसानं बास्केट टाकली. ७०-६८. बादालोना जिंकलंच होतं म्हणा ना. तेवढ्यात साशा जॉर्जेविच चेंडू घेऊन मैदानभर धावत आला आणि तोल सांभाळत तीन गुणांचा चेंडू फेकला. ७१-७०. पार्तिझान. मी ती चित्रफीत चारदा पाहिली. चारही वेळा वाटलं, या वेळी तरी हुकेल.

यावर कुणीही शहाणा माणूस त्या प्रशिक्षकाचं नाव घरात काढू देणार नाही. बादालोनाच्या मंडळींनी काय करावं? वर्षभरानं त्यालाच बोलावून घेतलं. ज्यानं हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला, त्यालाच स्वयंपाकाला ठेवला! आणि ओब्रादोविचनं १९९४ मध्ये, तेल अवीवला, ग्रीसच्या ऑलिंपियाकोसविरुद्ध ५९-५७ असा सामना काढून दिला. पेन्या आधी मागे होती. शेवटच्या वीसएक सेकंदांत कॉर्नी थॉम्प्सन या अमेरिकन खेळाडूनं तीन गुणांची बास्केट टाकली, आणि तेवढ्यावर बादालोना युरोपचं अजिंक्य झालं. शेजारच्या श्रीमंत बार्सिलोनाला हा चषक मिळायला पुढे नऊ वर्षं लागली. गावातले लोक हा आकडा न विचारता सांगतात, असं भाची म्हणाली.

आता किस्सा. त्या मोसमात प्रायोजक कोण होतं? सेव्हन-अप. म्हणजे १९९४ सालचा युरोपचा अजिंक्य संघ, रीतसर नावानिशी, ‘सेव्हन-अप जुवेंतूत’. इतिहासाच्या पानावर लिंबाचं सरबत सांडल्यासारखं ते नाव अजून तिथे आहे. मला आधी हसू आलं, मग लिंडबर्गचे सेंट लुइसवाले शेठजी आठवले.

स्टेडियम त्या दिवशी बंद होतं. बाहेरूनच प्रदक्षिणा घातली. साडेबारा हजार माणसं मावतील एवढी वास्तू आणि आजूबाजूला कपडे वाळत घातलेल्या साध्या इमारती. इथे पैसा कधीच उतू गेला नाही. जोर्दी व्हियाकाम्पा सबंध कारकीर्द इथेच खेळला, १९८० ते १९९७. त्याचा आठ नंबर क्लबनं कायमचा त्याच्या नावे ठेवला. त्यानंतर तोच १९९९ पासून २०१७ पर्यंत अध्यक्ष होता, आणि त्यातली बरीच वर्षं हिशेबाच्या वह्यांशी झुंजण्यात गेली असणार. कारण तो पायउतार झाल्यावर, २०१८ मध्ये, क्लब बुडायच्याच बेतात आला होता. पण बुडाला नाही. १९५७ मध्ये स्पेनची राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हापासून कधीही खालच्या श्रेणीत न घसरलेले क्लब आता दोनच उरलेत. एक रेआल माद्रिद, आणि दुसरा हा कट्टा. बार्सिलोनासुद्धा त्या यादीत नाही.

परतताना समुद्रावर गेलो. तिथे आनिस देल मोनो या बडीशेपेच्या दारूचा जुना कारखाना आहे आणि फिरायच्या रस्त्यावर तिच्या लेबलवरच्या माकडाचा पुतळा. त्या माकडाचा चेहरा डार्विनचा आहे असं म्हणतात. पुतळ्याजवळ दोन पोरं चेंडू आपटत होती. एकाच्या अंगावर हिरवा-काळा बनियन, पाठीवर ‘रुबिओ’.

हा रिकी रुबिओ शेजारच्याच एल मास्नोउ गावचा. २००५ मध्ये पेन्याकडून स्पेनच्या पहिल्या श्रेणीत उतरला तेव्हा त्याला पंधरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. इतक्या लहान वयात त्याआधी तिथे कुणीच खेळलं नव्हतं. मग बार्सिलोना, मग अमेरिकेतली एनबीए ही बास्केटबॉल लीग, मग मधे खेळ थांबवून मन ताळ्यावर आणण्यात गेलेला काळ, आणि २०२५ मध्ये पुन्हा बादालोना.

त्याचं खरं नाव रिकार्द. पासपोर्टवरचं. हे मला परवा कळलं.