पॅक उघडायच्या आधीच सेल मोजले

पावसाळा सरता सरता डिलिव्हरी करणारा एक मुलगा स्कूटरची लिथियम बॅटरी खांद्यावर घेऊन दुकानात आला. लेबलवर 48 व्होल्ट, 24 ॲम्पिअर-अवर (किती चार्ज मावतो त्याचं माप). "दादा, चार्जरचा लाइट हिरवा होतो, मीटरवर सगळ्या काड्या येतात, पण 60 किलोमीटर जाणारी गाडी 35 मध्येच बसते." एका दुकानदाराने त्याला नवा पॅक घ्यायला सांगितलं होतं. त्या पैशांत त्याचे दोन-तीन पगार गेले असते.

मल्टिमीटर लावला तर 54.6 व्होल्ट. सिरीजमध्ये एकामागे एक जोडलेले सेलचे 13 गट, प्रत्येकी 4.2 व्होल्ट, म्हणजे एकदम फुल. पण व्होल्टेजवरून पातळी कळते, भांडं केवढं आहे ते नाही. म्हणून आधी हॅलोजनच्या लोडवर पॅक रिकामा करायला लावला. बीएमएसने, म्हणजे कुठलाही गट तळाला गेला की पॅक बंद करणाऱ्या आतल्या सर्किटने, कट मारला तेव्हा मीटरवर 46 व्होल्ट होते. इथे मी खुर्ची पुढे ओढली. सगळे गट सारखे उतरले असते तर आकडा 40 च्या आत दिसायला हवा होता. याचा अर्थ बाकीचे निवांत आहेत आणि एकच गट तळाला जाऊन सगळ्यांना थांबवतोय.

मग चार्जर आणि पॅकच्या मध्ये डीसी वॉटमीटर जोडला. स्वस्तातले हे मीटर कधीकधी करंट नसतानाही मोजत राहतात, म्हणून आधी शून्य तपासलं आणि 5 ॲम्पिअरचं रीडिंग क्लॅम्पमीटरशी ताडून पाहिलं. तीन तासांच्या आसपास लाइट हिरवा झाला. आत गेले 14.1 ॲम्पिअर-अवर.

लेड-ॲसिडमध्ये आत गेलेल्यातला काही भाग वाया जातो. लिथियममध्ये चार्ज जवळजवळ सगळा परत मिळतो, त्यामुळे हा आकडा म्हणजे त्या कमजोर गटाची क्षमताच. या बनावटीचे पॅक मी आधी उघडलेले होते: एका गटात 8 सेल पॅरलल, प्रत्येकी 3 ॲम्पिअर-अवरचा. वापरून 2.8 वर आले असतील असं धरलं, तर 14.1 म्हणजे पाच सेल. मुलाला म्हटलं, "एका गटातले तीन सेल सुटलेत. चहाची पैज."

अंगठी-घड्याळ काढून झाकण उघडलं. एका कोपऱ्यात पाणी शिरून निकेलच्या पट्टीवर हिरवट पूड साचलेली, आणि तीन सेलांचे स्पॉट वेल्ड उखडलेले. चहा मिळाला.

सुटलेले सेल 3.9 व्होल्टवर अडकले होते. तसेच जोडले असते तर भरलेल्या गटातून त्यांच्यात जोराचा करंट धावला असता. आधी दोन्ही एका व्होल्टेजवर आणले, गंज साफ केला, नवी पट्टी वेल्ड केली, झाकणाचं गॅस्केट बदललं. पुन्हा रिकामा करून भरला: 22.4.

पैसे देताना त्याने विचारलं, घरी प्लगमध्ये लावायचा युनिट मीटर आहे, त्याच्यावर कळेल का? कळेल, फक्त चार्जर गरम होण्यात जाते ती वीजही त्यात धरली जाते. बिघाड असताना तो 0.8 युनिट दाखवायचा, आता गाडी पूर्ण उतरवून चार्ज केली की सव्वा युनिटच्या आसपास दाखवेल. आकड्यात एकदम मोठी घसरण दिसली, तर नव्या पॅकची चौकशी करण्याआधी माझ्याकडे ये, म्हटलं.