सतरा नंबरचा फॉर्म आणि सारणीतला रिकामा चौकोन

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात नववीनंतर माझी शाळा सुटली. मुलगी आठवीत गेली त्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावीला बसले. दाखला, फी, फोटो हे सगळं निभावलं. अडले ते गणित भाग १ च्या पहिल्याच धड्यात, दोन चलांतील रेषीय समीकरणांत. तिथे सारणी पूर्ण करायची असते. वरच्या ओळीत एक्स, खालच्या ओळीत वाय, काही चौकोन भरलेले, काही रिकामे.

एक्स दिला असेल तर काही त्रास नाही. वाय = ३एक्स + ५ असा नियम आहे, एक्स २ आहे, तर तीन दुणे सहा, त्यात पाच, अकरा. हे पहिल्या संध्याकाळीच जमलं.

पण याच नियमाच्या एका सारणीत खाली २० छापलेले आणि वरचा चौकोन रिकामा. रविवारच्या शिकवणीत सांगितलं होतं, "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं." मी ५ पलीकडे नेले, वजा केले, १५ उरले. मग ३ पण पलीकडे नेले, तेही वजा केले आणि लिहिलं १२. पुस्तकाच्या मागे उत्तर ५. कापूस वेचणीचे दिवस होते. बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली, त्याच बोटांनी खोडरबर धरून तीन संध्याकाळी तोच चौकोन खोडला. कागद तिथे पार विरला. शिकवणीत वही दाखवली तर वहीकडे न बघता उत्तर आलं, "चिन्ह चुकलं असेल, परत करा." आजही ते आठवलं की राग येतो, कारण माझं चिन्ह चुकलं नव्हतं, मला नियमच अर्धा सांगितला होता. ५ मिळवलेले होते, ते वजा होऊन जातात. ३ मात्र एक्सला गुणलेले आहेत, त्या दोघांमध्ये गुणिलेचं चिन्ह लिहीत नाहीत म्हणून ते दिसत नाही. गुणलेलं पलीकडे गेलं की भागतं. एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या.

सांगितलं ते मुलीनं. "आई, हे तं तुह्या बचत गटावानीच हाय. सुरुवातीले ५० प्रवेश फी, मंग महिन्याले १००. पासबुकात १२५० असतीन तं किती महिने झाले?"

"बारा," मी लगेच म्हटलं.

"कसे काढले?"

५० बाजूला ठेवले, उरलेल्या १२०० ला शंभरानं भागलं. म्हणजे मला हे येतच होतं! बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, शेवटी चढवलेलं गाठोडं आधी उतरतं, तसंच इथे. आधी गुणलं, मग मिळवलं. उलटं जाताना आधी वजा, मग भाग. २० मधून ५ गेले १५, भागिले ३, पाच.

आणि ताळा करा, प्रत्येक चौकोनाचा. माझे १२ मी नियमात घातले असते तर ४१ आले असते, २० नाही, तिथेच कळलं असतं.

अजून एक, हे मी फार उशिरा शिकले. खालच्या ओळीत ५, ८, ११ असं तीन-तीननं वाढताना दिसलं की हात आपोआप १४ लिहितो. वर बघा. एक्स ०, १, २ नंतर एकदम ५ असेल तर उत्तर २० येतं. एक्स वजा २ असेल तर तो कंसात लिहून मगच गुणा: वजा ६, त्यात ५, वजा १.

आलेखासाठी दोन बिंदू पुरतात, तरी मी तिसरा काढतेच. तिन्ही एका रेषेत आले नाहीत तर सारणीत कुठेतरी चूक आहे, आणि ती वेळेवर सापडते. परीक्षेत एक चौकोन असाच सापडला. वरचा रिकामा होता. समासात पेन्सिलीनं ताळा केला, जुळला, आणि मगच पेनानं आकडा लिहिला.