बाबांची गाठ

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागचे भोंगे गप्प झाले. मी तेव्हा सातवीत होते. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते बघायचं कोण? सातचा भोंगा झाला की पहिली पाळी गिरणीत आणि आम्ही अंथरुणाबाहेर. आता अडीच लाख कामगार एकदम घरी बसले. पाळीपाळीने झोपणारी माणसं दहा बाय बाराच्या खोलीत एकाच वेळी जागी! बाबा भर दुपारी खाटेवर बसलेले दिसायचे, तेच मला खोटं वाटायचं. ते साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. केसांत नेहमी कापूस असायचा. संपाला महिने झाले, कापूस काही गेला नाही, तेव्हा कळलं की केसच पिकलेत.

जूनमध्ये आठवीचा वर्ग भरला तर निम्मे बाक रिकामे. बाई हजेरी घ्यायच्या, मागून कुणीतरी म्हणायचं, "गावाला गेली, बाई." माझ्या शेजारची मैत्रीण तर निरोपसुद्धा न घेता गेली. संध्याकाळच्या एसटीने.

त्याच आठवड्यात शाळेच्या ग्रंथालयाच्या बाईंनी जिन्याखालच्या कपाटातून नाथमाधवांची 'वीरधवल' काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "सिंहगडावर शिकारीला गेले होते, कड्यावरून पडले, पाय कायमचे गेले. मग अंथरुणावरून हे सगळं लिहिलं बघ." घरी बसलेल्या माणसाचं पुस्तक त्यांनी मला मुद्दाम दिलं असेल का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं, पण बाई नाहीत.

मी त्या अद्भुत राज्यात शिरले ती शिरलेच. रेशनच्या रांगेत वाचलं, नळावर हंडा भरेपर्यंत वाचलं. १८ ऑगस्टला पोलिसांनीच बंड केलं, त्यांना आवरायला लष्कर आलं, आमच्याकडे संचारबंदी लागली. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी गॅलरीच्या दाराशी पुस्तक घेऊन. दोन्हींतलं खरं कुठलं म्हणून कुणी विचारलं असतं तर मी पुस्तकावर बोट ठेवलं असतं. पुस्तकातलं संकट निदान पान उलटलं की पुढे सरकायचं.

रात्री मी मोठ्याने वाचायची. आई पापड लाटता लाटता ऐकायची. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मला वाटायचं, झोपलेत. एका रात्री ऐन रंगात आलेलं असताना ते तसेच पाठमोरे म्हणाले, "आज एवढंच. उद्याला ठेव." संप सुरू झाल्यापासून त्यांनी उद्याचं नाव घेतलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

वाचून वाचून पुस्तकाची शिवण उसवली. मी रडकुंडीला आले. बाबांनी सूत मागितलं, पानं मांडीवर ठोकून सारखी केली आणि शिवायला घेतली. मध्येच धागा तुटला. त्यांनी दोन टोकं अंगठ्यावर धरली, बोट फिरवलं, झालं! मी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, बोट फिरवून बघितलं, गाठ लागेना. साच्यावर दिवसभर तेच करायचे, पण त्यांचं काम इतक्या जवळून मी कधी पाहिलंच नव्हतं.

आठवड्यासाठी दिलेलं पुस्तक मी दिवाळीच्या तोंडावर परत नेलं. बाई दंडाचं काही बोलल्या नाहीत. शिवण चाचपली आणि विचारलं, "कुणी केलं?"

"बाबांनी."

"त्यांना वेळ आहे का ग?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाबा रोज दुपारी धुतलेला सदरा घालून शाळेत यायला लागले. जिन्याखाली पोत्यावर बसून फाटकी पुस्तकं शिवायचे. पैसे घेतले नाहीत. बाई चहा द्यायच्या, तो घ्यायचे. मधल्या सुट्टीत मी जिन्यावरून वाकून बघायची. मान खाली, हात चालू, आणि शेजारी शिवून झालेल्या पुस्तकांची चळत.

शाळेच्या हीरक महोत्सवाला येईन तेव्हा मला ते कपाट उघडून हवं आहे. त्यातलं एखादं पुस्तक उरलं असेल तर मी शिवणीवरून बोट फिरवून बघणार आहे.