जनुकांचा जपलेला क्रम ओळखताना

दोन प्रजातींमध्ये जनुकांचा क्रम जपला गेला आहे, हे विधान वाचायला निःसंदिग्ध वाटते. प्रत्यक्षात तो किती जपला गेला आहे याचे उत्तर बऱ्याच अंशी विश्लेषण करणाऱ्याने निवडलेल्या मर्यादांवर अवलंबून असते, आणि त्या मर्यादा शोधनिबंधात एका ओळीत उरकल्या जातात, ही माझी जुनी तक्रार आहे.

1984 मध्ये नॅडो आणि टेलर या जनुकशास्त्रज्ञांनी त्या वेळच्या तुटपुंज्या नकाशांवरून माणूस आणि उंदीर यांच्यात सुमारे 180 गुणसूत्रीय पुनर्रचना (गुणसूत्रांचे तुकडे तुटून वेगळ्या जागी किंवा उलटे जोडले जाणे) झाल्या असाव्यात, असा अंदाज बांधला. 2002 मध्ये उंदराच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनए अनुक्रमाचा, मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा क्रम जपलेले 342 तुकडे मोजले गेले. मात्र तीन लाख बेसपेक्षा (डीएनएच्या अक्षरांपेक्षा) लहान तुकडे त्या मोजणीत धरलेलेच नव्हते.

कामाची सुरुवात ऑर्थोलॉग ठरवण्यापासून होते, म्हणजे एकाच पूर्वज जनुकापासून, प्रजाती विभक्त झाल्यामुळे वेगळी झालेली जनुके शोधावी लागतात. त्यासाठी दोन्हीकडच्या प्रथिनांचे अनुक्रम ब्लास्ट या अनुक्रम जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने ताडून परस्परांना सर्वाधिक जुळणाऱ्या जोड्या घेतात. खरा घोळ होतो तो एकाच जागी अनेकदा दुणावलेल्या जनुकांमुळे: गंधग्राहींच्या जनुकांचा एखादा समूह डॉट प्लॉटवर (दोन जीनोम दोन अक्षांवर मांडून प्रत्येक जुळणाऱ्या जोडीसाठी ठिपका काढलेल्या आलेखावर) ठिपक्यांचा गच्च चौकोन उमटवतो आणि त्यातून हवी ती तिरपी रेघ काढता येते. म्हणून असा समूह आधी एकच जनुक मानून घेणे बरे.

त्यानंतर प्रोग्रॅम ठिपक्यांच्या साखळ्या जोडतो. चढती रेघ म्हणजे तोच क्रम, उतरती म्हणजे उलटलेला तुकडा. एमसीस्कॅनएक्स या अशा प्रोग्रॅममध्ये काही बदलले नाही, तर गटात, म्हणजे अशा एका साखळीत, किमान 5 जोड्या लागतात आणि दोन जोड्यांमध्ये 25 जनुकांपर्यंतचे अंतर खपवून घेतले जाते. जवळच्या प्रजातींसाठी हे अंतर मला फारच सैल वाटते. एका जीनोममधील जनुकांचा क्रम यादृच्छिकपणे विस्कटून, त्याच मर्यादा ठेवून पुन्हा गट शोधले, की निव्वळ योगायोगाने किती गट मिळतात हे कळते; ही चाचणी टाळण्याचे काहीच कारण नाही. असेंब्लीचेही, म्हणजे तुकड्यातुकड्याने वाचून जोडलेल्या जीनोमचेही, तसेच आहे: ज्या स्कॅफोल्डवर (जोडून झालेल्या एका तुकड्यावर) तीनच जनुके आहेत, त्यावर पाच जोड्यांचा गट सापडणारच नाही, आणि मग असेंब्लीचा तुटकपणा उत्क्रांतीच्या खात्यावर जमा होतो.

जवळच्या प्रजातींत क्रम सारखा असण्याला बहुधा एवढेच कारण पुरते, की तो विस्कटायला पुरेसा काळ गेलेला नाही. दूरच्या प्रजातींत टिकलेला शेजार मात्र तपासून पाहण्यासारखा असतो. एसएचएच या जनुकाला हातापायांच्या वाढीच्या वेळी चालू करणारा नियंत्रक भाग त्याच्यापासून सुमारे दहा लाख बेस दूर, एलएमबीआर1 या वेगळ्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनात न उतरणाऱ्या भागात) आहे. त्या भागातील एखाद्या बदलाने माणसाला जादा बोट येऊ शकते. ही दोन जनुके एकमेकांपासून तुटली तर नियंत्रणही तुटेल, त्यामुळे माशांपासून माणसापर्यंत ती एकमेकांच्या आसपास राहिली आहेत. असा शेजार दोन-तीन जनुकांपुरताच उरला असेल, तर पाच जोड्यांची अट तो सरसकट गाळून टाकते. म्हणून दूरच्या तुलनेत मी ही अट दोनवर आणतो, आणि त्याच्या बदल्यात तीच जोडी अनेक प्रजातींमध्ये स्वतंत्रपणे दिसली पाहिजे, असा आग्रह धरतो.