बिनतेलाचं

२६ डिसेंबर

"बिनतेलाचं आहे का गं हे?" असं म्हणून आत्यांनी भरलेल्या मशरूमची ताटली पुढे सरकवली. बाकी कालचा दिवस छान गेला. तेवढा एक शब्द मात्र अजून खुपतोय.

बिनतेलाचं कसं असेल? दोन पाकिटं मशरूमना, म्हणजे ४०० ग्रॅमला, दोन मोठे चमचे तेल लागतंच. नाहीतर वरची साल सुरकुतून चामट होते. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि सगळी मेहनत ते घालवण्याची. देठ काढायचे, वाट्या ओल्या फडक्याने पुसायच्या, आतबाहेर तेल लावायचं. मीठ इथे अजिबात नाही, लगेच पाणी सुटतं. २०० अंशांना तापलेल्या ओव्हनमध्ये त्या पालथ्या घालून दहा-बारा मिनिटं भाजायच्या. ट्रेमध्ये साठलेलं पाणी टिपून टाकलं की मगच सारण. कच्च्या वाटीत भरलं तर ते पाणी सारणातच मुरतं आणि आतला पाव लगदा होतो.

सारणालाही तोच नियम. देठ आणि एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून, चार पाकळ्या लसणासह लोण्यावर परतायचे, कढईत ओल दिसेनाशी होईपर्यंत. मग १०० ग्रॅम कुस्करलेलं पनीर, अर्धी वाटी शिळ्या पावाचा चुरा, मिरपूड, आणि आता मीठ. वर भुरभुरायचा चुरा वेगळा, लोणी चोळलेला. पुन्हा पंधरा मिनिटं.

आणि हे सगळं "बिनतेलाचं".

भाजलेल्या फ्लॉवरला तर कुणी हात लावला नाही फारसा. जाऊ दे. अर्धा किलोला दोन ट्रे घेतले होते, कारण तुरे एकमेकांना चिकटले की वाफेत शिजतात. ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जातच नाही, आणि खरपूस रंग यायला साधारण १४० तरी लागतात. कढईतही हेच घडतं. भज्याभोवती उठणारे बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफच. ओव्हनमध्ये तेच काम कोरड्या हवेने हळूहळू होतं, म्हणून २२० अंश, पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटणं. भाजणं हा तळण्याचा गरीब भाऊ नाही, हे कुणाला सांगू?

वाटलं, भजीच तळली असती तर कुणी काही विचारलं नसतं. पण एवढ्या माणसांना गरम भजी द्यायची तर कुणीतरी संध्याकाळभर कढईपाशी उभं राहतं. दरवर्षी ते कोण असतं... असो. काल मी सगळ्यांबरोबर बसले होते.

आत्यांना तळणाचाच खमंगपणा आवडतो, आवडू दे. त्यांनी खाल्लं नाही म्हणून मशरूम काही वाईट झाले नव्हते. ट्रे रिकामाच परत आला.

संक्रांतीला त्या येतील तेव्हा रताळी करते. एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, २२० अंश, एकेका बाजूने बारा मिनिटं, तेलाचा हात सढळ. तीळ मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, आधी घातले तर करपून कडू होतात.