पाच नाबाद

आमचा दादा फोनवर हॅलो म्हणत नाही, डायरेक्ट नाव घेतो. परवा रात्री साडेदहाला मी ओटा पुसत होतो, फोन उचलला तर पलीकडून फक्त "इक्बाल सिद्दिकी" आणि मग गप्प. म्हणजे आता माझी पाळी. लहानपणापासूनचा खेळ आहे हा आमचा, एकाने क्रिकेटमधला लोक विसरलेला प्लेयर काढायचा, दुसऱ्याने लगेच त्याची एक तरी गोष्ट सांगायची, नाही आली तर पुढच्या भेटीत मिसळ त्याच्याकडून. मोबाईलमध्ये बघितलं की आऊट.

पण इक्बाल मला येणारच ना! आम्ही औरंगाबादला वाढलो आणि हा औरंगाबादचा. 2001 चा डिसेंबर, मोहाली, समोर इंग्लंड. त्या टेस्टला आपल्याकडून तिघं नवे होते, टिनू योहानन, संजय बांगर आणि आपला इक्बाल, आणि नवा बॉल, म्हणजे बॉलिंगची सुरुवात, कोणाकडे तर टिनू आणि इक्बालकडे, म्हणजे दोन्ही टोकांनी पहिलीच टेस्ट खेळणारे, आज असं कोणी करेल का सांगा. इक्बालला एक विकेट मिळाली, बॅटिंगला 24 काढले. कुंबळेने दुसऱ्या इनिंगमध्ये सहा काढल्या आणि आपल्याला जिंकायला हवे होते किती, तर 5. पाचच. मग गांगुलीने दीप दासगुप्ताबरोबर ओपनिंगला चक्क इक्बालला पाठवलं! त्याने पाचच्या पाच रन स्वतःच काढले, 5 नाबाद, मॅच खल्लास. आणि त्यानंतर तो एकही टेस्ट खेळला नाही. जिंकून देणारे रन मारून माणूस पॅव्हेलियनमध्ये गेला तो गेलाच.

दादा म्हणाला, "बरोबर. पण महाराष्ट्राकडून इतकी वर्षं रणजीत नवा बॉल टाकला ते नाही सांगितलंस." आता हे त्याचं नेहमीचं आहे, पण खरं सांगायचं तर पॉइंट आहे त्याचा. आपण या लोकांचा एकच किस्सा लक्षात ठेवतो, तोही हसायला म्हणून, आणि बाकी वीस वर्षं घाम गाळला तो गेला कुठं?

डोंबिवलीचा नीलेश कुलकर्णी घ्या. ऑगस्ट 1997, कोलंबो, समोर श्रीलंका. आपण 537 वर डाव सोडलेला, पहिलीच टेस्ट खेळणाऱ्या या उंच लेफ्ट आर्म स्पिनरने टेस्टमधला पहिलाच बॉल टाकला आणि अटापट्टू आऊट! भारताकडून हे त्याच्याआधी कोणी केलं नव्हतं. आमच्या घरी तर दिवाळीच, आई विचारते कोण आहे रे हा कुलकर्णी, आपल्यातला का. आणि मग जयसूर्या आणि महानामा जे उभे राहिले ते राहिलेच, तिसरा दिवस गेला, चौथा गेला, विकेट नाही, 576 ची पार्टनरशिप, जयसूर्या 340, महानामा 225, श्रीलंका 6 बाद 952. नीलेशचे आकडे 70 ओव्हर, 195 रन, 1 विकेट. म्हणजे पहिल्या बॉलनंतर अजून 69 ओव्हर पाच बॉल टाकले बिचाऱ्याने आणि हाताला काही लागलं नाही. लोक हसतात यावर. अरे पण 70 ओव्हरमध्ये 12 मेडन आहेत, म्हणजे त्यात एकही रन नाही, ओव्हरला तीनपेक्षा कमी रन, त्या पाटा पिचवर, ते कोण बघणार? तीन टेस्ट, दोन विकेट, संपलं. मुंबईकडून मात्र तो पुढे कितीतरी वर्षं विकेटी काढत राहिला.

कानिटकरचं तर विचारूच नका. हृषीकेश कानिटकर म्हटलं की सगळे एका सुरात, "ढाका! सकलेनला फोर!" जानेवारी 1998, रविवार, पाकिस्तानविरुद्ध वनडे फायनल, अंधार पडत आलेला, 48 ओव्हरमध्ये 315 चं टार्गेट, शेवटच्या दोन बॉलला 3 हवेत आणि त्याने फोर मारली. आमच्या वाड्यात त्या दिवशी एकाने आनंदात स्वतःच्याच घराची काच फोडली, ते सोडा. पण त्याच कानिटकरने पुढे राजस्थानला रणजी जिंकून दिली हे किती जणांना माहितीये? फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे रणजीसारख्या तीन-चार दिवसांच्या मॅचमध्ये, दहा हजारांवर रन आहेत त्याचे. टेस्ट फक्त दोन. आणि गंमत म्हणजे वडील हेमंत कानिटकर, त्यांच्याही दोनच. त्यांनी 1974 मध्ये बंगलोरला पहिल्याच इनिंगमध्ये 65 मारले होते. त्याच मॅचमध्ये समोरच्या वेस्ट इंडीजच्या टीममध्ये दोन नवीन पोरं होती, ग्रीनिज आणि रिचर्ड्स. आता लोकांना कोण आठवणार, सांगायला नको.

मी म्हटलं, आता माझी पाळी. आणि मुद्दाम "शंतनू सुगवेकर" म्हटलं. दादा लगेच, "महाराष्ट्राकडून 299 नाबाद, मध्य प्रदेशविरुद्ध. तीनशेला एक रन!" हा एक रन तो अशा आवाजात म्हणतो जसा काही तोच नॉन स्ट्रायकरला उभा होता. मग अर्थातच गाडी भाऊसाहेब निंबाळकरांवर गेली, ती जातेच दर वेळी, 1948, पूना क्लब, महाराष्ट्राकडून 443 नाबाद, ब्रॅडमनचा 452 चा तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड नऊ रनांवर, आणि समोरच्या काठियावाडच्या कॅप्टनने डाव सोडा नाहीतर आम्ही चाललो म्हणून मॅचच सोडून दिली. रणजीतला तो स्कोर अजून कोणी मोडला नाही, आणि भाऊसाहेबांना एक टेस्ट मिळाली नाही. दादा यावर दर वेळी नव्याने चिडतो. मी मध्येच म्हटलं, अरे शांत हो, मॅच 1948 ची आहे.

"मग काय झालं, नऊ रन होते फक्त," म्हणाला आणि ठेवला फोन. मिसळ कोणाकडून ते ठरलंच नाही.