मीडियम बँकेचा काटा

संध्याकाळी गर्दी झाली की गाडी भरताना गॅसचा दाब १६० बारलाच थांबतो, सकाळी मात्र व्यवस्थित २०० होतो. ही तक्रार माझ्याकडे येईपर्यंत त्या सीएनजी पंपावर नवा कॉम्प्रेसर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आधीच्या तंत्रज्ञाने दुपारी, पंप रिकामा असताना तपासणी केली आणि उन्हावर खापर फोडलं. वेगाने भरताना गाडीच्या सिलिंडरमधला गॅस तापतो, दाब लवकर चढतो आणि गॅस थोडा कमी बसतो, हे खरं आहे. पण इथे दाबच चढत नव्हता! शिव्या मात्र नोझल धरणाऱ्या पोरांना. मीटर गॅसचं वजन मोजतो, पैसे गाडीत गेलेल्या किलोंचेच लागतात, हे ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसते.

कॉम्प्रेसर गॅस थेट गाडीत ढकलतो असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक गॅस येतो तो कॅस्केडमधून. म्हणजे २५० बारपर्यंत भरलेल्या सिलिंडरच्या तीन बँका: लो, मीडियम, हाय. गाडी आधी लोमधून भरते. प्रवाह मंदावला की मीडियम, आणि शेवटचा दाब हायमधून. कॉम्प्रेसर बँका भरतो तेव्हा क्रम उलटा, पहिला मान हायचा. सगळा साठा एकत्र ठेवला तर तो २०० च्या खाली उतरताच गाडी पूर्ण भरता येत नाही. साधारण चार पंचमांश गॅस आत असून अडकलेला. तीन बँका वेगळ्या ठेवल्या की शंभर बारची लो बँकसुद्धा रिकाम्या गाडीच्या कामी येते. म्हणून गॅस किती आहे यापेक्षा बँकांमधला फरक टिकतोय का, हे मी आधी बघतो.

ऐन गर्दीत कॉम्प्रेसर बंद करायला लावला. व्यवस्थापकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. रिकामी गाडी लावली. लो बँकेच्या दाबमापकाचा काटा उतरला, थांबला. मीडियमचा उतरला, थांबला. हाय उघडली, तिचा काटा उतरू लागला आणि मीडियमचा हळूहळू वर सरकायला लागला. कॉम्प्रेसर बंद असताना मीडियममध्ये गॅस येतोय कुठून? डिस्पेन्सर, म्हणजे गाडीत गॅस भरणारं मशीन, उघडून मीडियमच्या ट्यूबवर हात ठेवला. गॅसला उलटं जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या बँकेकडच्या बाजूला बोटं आखडतील इतकी गार. दाब पडला की गॅस थंड होतो. व्हॉल्व्ह पास होत होता, म्हणजे बंद असूनही गॅस सोडत होता.

या मशीनमध्ये हाय उघडल्यावरही मीडियमची वाट खुलीच असते. उलटा जाणारा गॅस तो एकटा व्हॉल्व्ह अडवतो. हायचा गॅस गाडीबरोबर मीडियमलाही जात होता, आणि गर्दीत हाय पुन्हा भरायला कॉम्प्रेसरला उसंत नव्हती. दुपारी तिन्ही बँका भरलेल्या, मग दोष दिसणार कसा?

लाइन बंद करून, दाब पूर्ण काढून व्हॉल्व्ह खोलला. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे घट्ट बसतो त्या कडीवर, कॉम्प्रेसरच्या तेलाचा काळा चिकट थर, कडेला नखाला लागेल अशी खाच. फिल्टरमधलं तेल वेळेवर काढलं असतं तर ही वेळच आली नसती. सीट बदलली, पुढच्या गाड्या दोनशेला पोचल्या.

तिन्ही दाब रजिस्टरात रोज लिहिलेले होते, पण शिफ्ट बदलताना, पंप शांत असताना. गर्दीत गाडी लागलेली असतानाही एक नोंद घ्या, असं मी अहवालात सुचवलं. उत्तर आलं, त्यासाठी कॉम्प्रेसर थांबवणं परवडणार नाही. पण थांबवायची गरजच नाही. हाय उतरलेली असेल तोवर कॉम्प्रेसर तिलाच भरणार. त्या वेळी मीडियमचा काटा चढता कामा नये. चढला तर व्हॉल्व्ह तपासा. एवढं लिहून अहवाल परत पाठवतो आहे.